मूड गेला तेल लावत!

'सोमवारपासून नक्की!' हे वाक्य आपण आयुष्यात किती वेळा म्हटलं, याचा हिशोब कुणी ठेवला नाही ते बरंच झालं. जिम सोमवारपासून, डाएट सोमवारपासून, एमबीएच्या एन्ट्रन्सचा अभ्यास सोमवारपासून, जर्मनचा क्लास सोमवारपासून. बिचारा सोमवार! आधीच त्याच्या डोक्यावर वीकली रिपोर्ट, टीम मीटिंग आणि रविवारच्या बिर्याणीचं अजीर्ण. त्यात आपल्या आयुष्याची नवी सुरुवातही त्याच्याच गळ्यात. मग होतं काय, सोमवारी ऑफिसला लेट होतो, मंगळवारी मूड नसतो, बुधवारी कुणाचा तरी बर्थडे केक कापला जातो आणि गुरुवारी आपण जाहीर करतो, आता हा आठवडा गेलाच, पुढच्या सोमवारपासून नक्की!

यात इच्छेचा प्रश्न कुठेच नसतो. इच्छा तर चिक्कार. फोन उघडला की पहाटे चारला उठणारे उद्योजक, बर्फाच्या पाण्यात बसणारे फिटनेसवाले, 'झोप विकून स्वप्नं विकत घ्या' सांगणारे गुरू, सगळे एका अंगठ्याच्या अंतरावर. आपण ते रात्री साडेबाराला बघतो, अंगावर काटा येतो, तीन मित्रांना फॉरवर्ड करतो आणि झोपतो. सकाळी उठल्यावर काटा गेलेला असतो, अलार्म उरलेला असतो. मोटिव्हेशनची टंचाई आपल्याकडे अजिबात नाही. टंचाई आहे ती दुसऱ्याच कशाची तरी.

आपल्याला शिकवलेला फंडा असा : आधी मन तयार करा. पॉझिटिव्ह विचार करा, भिंतीवर व्हिजन बोर्ड लावा, आरशासमोर उभं राहून 'मी करू शकते' म्हणा. एकदा माइंडसेट बदलला की जिद्द येते, जिद्द आली की हातून काम होतं आणि कामामागून यश येतं. ऐकायला सॉलिड वाटतं. माझं म्हणणं इतकंच, की ही गाडी उलटी जोडलेली आहे. गार्डाचा डबा पुढे आणि इंजिन मागे. बहुतेक वेळा आधी काम सुरू होतं, ते पुन्हा पुन्हा होतं आणि मन धापा टाकत मागून येतं.

हे मी पदरचं सांगत नाही. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन या तीन मानसशास्त्रज्ञांनी ब्रिटनमध्ये एक साधा प्रयोग केला होता. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २४८ विद्यार्थी, त्यांचे तीन गट. पहिल्या गटाला सांगितलं, व्यायाम किती केला त्याची फक्त नोंद ठेवा. दुसऱ्या गटाला व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराचे धोके सांगणारा मजकूर वाचायला दिला, म्हणजे चांगलं घसघशीत मोटिव्हेशन. तिसऱ्या गटाला तोच मजकूर दिला, पण वर एक काम सांगितलं. पुढच्या आठवड्यात व्यायाम कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे करणार, हे कागदावर लिहून द्या. बस्स.

निकाल काय लागला? पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. मोटिव्हेशनवाल्या दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांनी. आणि वार, वेळ, जागा लिहून देणाऱ्या तिसऱ्या गटात ९१ टक्क्यांनी! पुन्हा वाचा. नुसत्या प्रेरणेनं काडीचाही फरक पडला नाही. फरक पाडला तो एका ओळीच्या टाइमटेबलनं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या युक्तीचं शास्त्र १९९९ मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडलं. 'मला फिट व्हायचंय' हे झालं ध्येय. 'मंगळवारी सकाळी सात वाजले की मी बूट घालून खाली उतरणार' ही झाली योजना. ध्येयाला दरवेळी मूडची परवानगी लागते. योजनेला लागत नाही, कारण निर्णय आधीच झालेला असतो. सात वाजले की विचार करायचा नसतो, बूट घालायचे असतात.

काठावरची पोरं

हे सगळं मी कामासाठी वाचलं होतं, एका लेखापुरतं. अंगावर घ्यायची वेळ आली ती पाण्यामुळे.

आमचं मूळ गाव कृष्णाकाठी, पण आमच्या घरात पोहता कुणालाच येत नाही. बाबांचा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा असताना नदीवर गेला, तो परत आला नाही. त्यानंतर आजीनं नियमच केला, या घरातलं पोर पाण्यात उतरणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली मुलं पाठीला डबा बांधून विहिरीत धडाधड उड्या मारायची आणि आम्ही चुलत भावंडं काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. पुढे कॉलेजच्या गोव्याच्या ट्रिपमध्येही तेच. सगळा ग्रुप समुद्रात आणि मी वाळूत, सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल राखत. ग्रुपमध्ये माझं नाव 'लॉकर' पडलं होतं.

मी हसायचे, पण गंमत वाटायची नाही. पाण्याची मला भीती वाटायची हे खरं. पण ती माझ्या अनुभवातली भीती नव्हती. मी कधी बुडाले नव्हते, काकाला मी पाहिलंही नव्हतं. ती वारशात आली होती, आजीच्या पाटल्यांसारखी. पाटल्या मोडून दुसरं काही करता येतं. भीतीचं काय करायचं?

फंड्याप्रमाणे आधी मनाची तयारी. पण ती करायची कशी? फुप्फुसात हवा भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यावर तरंगतं, हे शाळेत शिकलोय. डोक्याला ते पटतं. पोटाला पटत नाही. खोलीत बसून 'मला भीती वाटत नाही' असं शंभर वेळा म्हटलं तरी पोटातला गोळा जागचा हलत नाही, कारण त्याला मराठी कळत नाही. त्याला फक्त पाणी कळतं.

म्हणून सत्ताविसाव्या वर्षी मन बाजूला ठेवलं आणि महापालिकेच्या तरण तलावाचा फॉर्म भरला. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, दोन फोटो, फी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सव्वासातची बॅच. मी फ्रीलान्सर आहे. मला बॉस नाही, हजेरी नाही, पंचिंग मशीन नाही. माझ्या सगळ्या दिवसाचा बॉस मूड. त्याला या तीन सकाळींपुरतं कामावरून काढायचं ठरवलं. कॉस्च्युम, कॅप, गॉगल, टॉवेल, सगळं आदल्या रात्री पिशवीत भरून दाराच्या कडीला. आणि स्वतःशी करार एकच : तलावावर पोचायचं, शॉवर घ्यायचा आणि पाण्यात उतरायचं. पोहलंच पाहिजे अशी अट नाही. भीती गेलीच पाहिजे अशी तर मुळीच नाही.

पहिले चार दिवस मी कडेचा बार घट्ट धरून फक्त तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे काढले. शेजारून सहा वर्षांची पोरं माशासारखी सटासट निघून जायची. त्यातल्या एकीनं थांबून मला विचारलं, ''काकी, तुम्ही रोज इथंच का असता?'' काकी! पाचव्या दिवशी पाय मारायला शिकवले. मग बोर्ड धरून पुढे जायचं, मग बोर्ड सोडायचा. बोर्ड सोडला की माझं ठरलेलं : मान वर, हातपाय गोळा, नाकातोंडात पाणी, सरांचा आवाज, ''मॅडम, डोकं खाली!''

या दोन शब्दांत पोहण्याचं अर्धं शास्त्र आहे. घाबरलं की माणूस आधी डोकं बाहेर काढतो. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात. पाय खाली गेले की आणखी घाबरतो आणि डोकं आणखी वर ताणतो. म्हणजे वाचण्यासाठी जे करतो, तेच त्याला खाली ओढतं. उलट चेहरा पाण्यात घातला, श्वास सावकाश सोडला, की पाणी स्वतःच उचलून धरतं. हे पुस्तकात वाचून कुणाला पटणार? ते पटण्यासाठी चेहरा पाण्यात घालावाच लागतो, आणि तो घालताना मनाची तयारी अजिबात नसते. कुणाचीच नसते.

एकवीस दिवसांची थाप

तुम्ही ऐकलंच असेल की कोणतीही गोष्ट एकवीस दिवस केली की सवय लागते. निम्मी अॅप्स आणि सगळी आव्हानं याच आकड्यावर चालतात. माझ्या एकविसाव्या दिवशी काय झालं सांगू? काहीही नाही. पोटात गोळा तेवढाच होता.

हा आकडा आला कुठून, याची गोष्ट मजेशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकेतले प्लॅस्टिक सर्जन होते. नाकाचं किंवा चेहऱ्याचं ऑपरेशन झाल्यावर पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात लिहिलं. पुस्तक तुफान खपलं. पुढच्या भाषणबाजांनी त्यातला 'किमान' गाळला, नाक गाळलं आणि एकवीस दिवस तेवढे ठेवले!

प्रत्यक्षात मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९६ जण होते. प्रत्येकानं एक छोटी सवय निवडली. कुणी जेवणाबरोबर फळ खाणं, कुणी पाणी पिणं, कुणी संध्याकाळी धावणं. बारा आठवडे रोज नोंदी घेतल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण खरी बातमी सरासरीत नाही, फरकात आहे : कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवसांपर्यंत लागतील असा हिशोब निघाला. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर जमते, व्यायामाला वेळ लागतो. आणि आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात मोलाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. एक दिवस गेला म्हणून अख्खा आठवडा बुडवून पुढच्या सोमवारची वाट बघायला शास्त्राचा काहीही आधार नाही!

मी एक केलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तलावावर गेलेल्या प्रत्येक तारखेला पेन्सिलनं गोल काढला. छान पोहले तरी गोल, कमरेएवढ्या पाण्यात नुसती उभी राहून आले तरी गोल. लोकल बंद, पाळी, डेडलाइन, असे गोल नसलेले दिवसही होते. पण दुकान बंद झालं नाही. आणि चाळिसेक गोलांनंतरच्या एका गुरुवारी, तलावाच्या गेटवर कार्ड दाखवताना, एकदम लक्षात आलं की पोटात गोळा नाहीये. तो कधी गेला, कोणत्या तारखेला, मला सांगता येणार नाही. त्यानं जाताना काही सांगितलं नाही. ज्या माइंडसेटची वाट बघत मी काठावर बसून राहिले असते, तो असा मागच्या दारानं येऊन बसला होता.

'माइंडसेट' हा शब्द आज घरोघरी पोचला त्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचा मोठा वाटा. त्याच नावाचं त्यांचं पुस्तक २००६ मध्ये आलं. गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं आरशासमोरच्या घोषणांशी फारसं जुळत नाही. बुद्धी आणि कौशल्य जन्मतः ठरलेलं नसून ते वाढवता येतं असं मानणारी माणसं अडचणीत जास्त टिकतात, हे त्यांचं सूत्र. त्यांचा आवडता शब्द आहे 'अजून'. 'मला येत नाही' म्हटलं की विषय संपला. 'मला अजून येत नाही' म्हटलं की उद्याची बॅच शिल्लक राहते. पण हा 'अजून' खरा वाटायला हाताशी काहीतरी पुरावा लागतो. माझा पुरावा पेन्सिलच्या गोलांत होता.

जिद्द आणि हट्ट

पाण्याचा विषय निघाला आणि सांगली जिल्हा असला, की मुरलीकांत पेटकरांचं नाव येणारच. 'चंदू चॅम्पियन' हा २०२४ चा सिनेमा त्यांच्यावरचाच. पेटकर लष्करात होते आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. बॉक्सिंग संपलं. ते पाण्यात उतरले ते उपचारांचा भाग म्हणून. आधी टेबल टेनिस खेळून बघितलं, १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यातच उतरले. आणि १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. दुसरं यायला २००४ उजाडलं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये.

या गोष्टीतून लोक 'कधीही हार मानू नका' एवढंच घेतात. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. पेटकरांनी रस्ता बदलला. बॉक्सिंग गेलं म्हणून रिंगच्या दाराशी बसून राहिले नाहीत. टेबल टेनिस, मग पोहणं. जिद्द आणि हट्ट यांत इथंच फरक पडतो. हट्टाला रस्ता प्यारा असतो, जिद्दीला मुक्काम. हट्ट हिशोब बघत नाही. जिद्द दर महिन्याला वही उघडते आणि विचारते, पुढे सरकलो का? नसलो तर पद्धत बदलू.

खाशाबा जाधवांचंही तसंच. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते कुस्तीत सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या पैलवानाला तिथं मॅटवर आणि परदेशी नियमांनी लढावं लागलं. पुढची चार वर्षं त्यांनी तयारी केली, वरच्या वजनगटात गेले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! पण हेलसिंकीला जायला पैसे कुठे होते? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टीत हे घर कुठेतरी कोपऱ्यात राहून जातं. खरं तर ते मधोमध असायला हवं.

त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूनं पुन्हा वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं, तो आपल्यासारखाच नोकरदार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, २०१५ पासून. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत २००९ मध्ये वडिलांनी घातलं, तिथं नेमबाजी निवडली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१२ पासून, ऑलिम्पिकचं तिकीट मात्र २०२४ चं. म्हणजे बारा वर्षं! १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये गुडघ्यावर बसून मारायच्या फेरीनंतर तो सहावा होता. पालथं झोपून मारायच्या फेरीनंतर पाचवा. उभ्यानं मारायच्या शेवटच्या फेरीत तिसरा. ४५१.४ गुण आणि कांस्य. हा खेळ बघणाऱ्याला बोअर होतो, कारण त्यात आरडाओरडा नाही, जोश नाही. श्वास आवरायचा, एक गोळी मारायची, ती विसरायची आणि पुढची मारायची. मला तर जिद्दीचं याहून खरं चित्र दिसत नाही. रीलला मात्र ते चालणार नाही, बॅकग्राउंडला ढोल वाजत नाहीत ना!

'काल का नाही आलीस?'

प्राचार्यांचं घर, वडिलांनी धरलेला हात, सरकारी प्रबोधिनी. यशाच्या पुस्तकांत हा भाग बारीक टायपात असतो. वास्तविक जिद्दीला माणसं लागतात. विरारहून किंवा बदलापूरहून रोज चार तास प्रवास करणाऱ्या, सकाळी दोन डबे भरून निघणाऱ्या मुलीला 'तुझ्यात जिद्द नाही' म्हणणं फार सोपं असतं. तिचा सकाळचा एक तास मोकळा करायला कुणी एक डबा भरला, तर तीच जिद्द दुसऱ्या दिवशी दिसायला लागते.

माझ्या बॅचला बँकेत काम करणाऱ्या एक ताई होत्या, पन्नाशीच्या. गुडघे दुखतात म्हणून पोहायला शिकत होत्या. आमची ओळख इतकीच. पण एक दिवस दांडी मारली, की पुढच्या वेळी शॉवरच्या रांगेत ठरलेला प्रश्न, ''काय गं, परवा का नाही आलीस?'' त्यात उपदेश नव्हता, चौकशी होती. पावसाळ्यातल्या काळ्याकुट्ट सकाळी मला गादीतून ओढून काढलं ते माझ्या ध्येयानं नव्हे, या प्रश्नानं. आपली कुणीतरी वाट बघतंय, ही गोष्ट अलार्मपेक्षा मोठ्यानं वाजते.

आणि सांगलीत बाबा होते. पहिला आठवडा झाल्यावर मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ''बाबांना तूच सांग.'' बाबांनी ऐकलं आणि बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, ''पाय टेकतात ना तिथं?'' म्हटलं, टेकतात. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, बरोबर साडेआठला त्यांचा फोन. ''काय म्हणतेस? ट्रेन वेळेवर आहेत ना?'' बाबांना मुंबईच्या ट्रेनशी काडीचं देणंघेणं नव्हतं. मी फोन उचलला, एवढंच त्यांना हवं असायचं. ''हो बाबा, वेळेवर आहेत,'' मी म्हणायचे. आम्ही दोघंही पाण्याचं नाव काढायचो नाही.

पन्नासाव्या गोलाच्या आसपास मी तलावाची रुंदी न थांबता पार केली, खोल बाजूनं. त्या दिवशी साडेआठला फोन आला तेव्हा ट्रेनचं विचारायच्या आत सांगून टाकलं, ''बाबा, आज पाय टेकत नाहीत तिथनं गेले.'' पलीकडे शांतता. आईच्या मिक्सरचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, ''वयस्कर माणसांना शिकवतात का गं कुठं?'' चाळीस वर्षं ज्यांनी नदीकडे पाठ केली, त्यांचं मन कुणी तयार केलं? कुठल्या भाषणानं? मी तर त्यांना एका शब्दानंही काही सुचवलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा फोनवर सुखरूप आवाज ऐकत ते हळूहळू पाण्याजवळ आले होते. ते अजून शिकलेले नाहीत. आजीचा फोटो समोर आहे, वेळ लागेल. पण विचारलं तर खरं.

तर आता तुमचं. पीएचडीचा प्रबंध असो, प्रमोशनची परीक्षा असो, स्वतःचा छोटा बिझनेस असो नाहीतर नुसतं गिटार. आधी स्वतःला बदलायच्या भानगडीत पडू नका. एका कागदावर तीन गोष्टी लिहा : वार, वेळ, जागा. काम इतकं छोटं ठेवा की ते टाळायचीच लाज वाटावी. रोज एक पान, वीस मिनिटं, एक गाणं. जे झालं त्याची खूण दिसेल अशा जागी करा. एका माणसाला सांगून ठेवा, जो 'काल का नाही आलास?' एवढंच विचारेल, लेक्चर देणार नाही. एकविसाव्या दिवशी काही झालं नाही तर घाबरू नका, काही होणार नसतंच. आणि दोन-तीन महिन्यांनी वही उघडून बघा. सरकला असाल तर चालू ठेवा, नसाल तर रस्ता बदला, मुक्काम तोच ठेवून.

आणि 'माझ्यात जिद्दच नाही' हे तर बोलूच नका. रोज सकाळी ८.१२ ची फास्ट पकडताना तुम्ही कधी स्वतःला विचारता का, आज मूड आहे का? गर्दीत लटकायचा माइंडसेट तयार झालाय का? नाही ना! ८.०५ ला घर सोडता, ब्रिज चढता, ठरलेल्या डब्यासमोर उभे राहता आणि गाडी आली की आत शिरता. पावसात, तापात, आदल्या रात्री कडाक्याचं भांडण झालेलं असताना. वर्षानुवर्षं. दुसऱ्याच्या कंपनीसाठी एवढी जिद्द तुमच्याकडे आहे. आता आठवड्यातली एक ८.१२ फक्त स्वतःच्या नावानं सोडा.